ब्रेक ओरडतात तेव्हा चाकात नक्की काय चाललेलं असतं

गाडी हळू करताना पुढच्या चाकातून ती बारीक चींऽऽ आली की दोन गोष्टी एकदम डोक्यात येतात, एक म्हणजे ब्रेक गेले आणि दुसरी म्हणजे आता खर्च. दोन्ही लगेच खरं मानू नका. ब्रेकचा आवाज आणि ब्रेकची ताकद या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. जोरात ओरडणारे ब्रेक गाडी अगदी झकास थांबवत असतील आणि एकदम गपगार असलेले ब्रेक आतून संपत आलेले असतील, दोन्ही होतं. म्हणून आवाज येतो की नाही यावरून फार काही कळत नाही, तो कधी येतो यावरून मात्र बरंच कळतं. सकाळी येतो की दिवसभर, पेडल दाबल्यावर येतो की सोडल्यावर, चाकाच्या फेऱ्याबरोबर येतो की सलग, एवढं नीट ऐकलंत तर गॅरेजमध्ये जायच्या आधीच अर्धं काम झालेलं असतं.

आधी आवाज होतो कसा ते बघू, कारण ते कळलं की पुढचे सगळे उपाय आपोआप पटतात.

शाळेत फळ्यावर लिहिताना खडू मधेच किंचाळायचा आणि आख्ख्या वर्गाच्या अंगावर काटा यायचा, आठवतंय ना? तिथे होतं काय, तर खडू फळ्यावर सरळ सरकत नाही, तो क्षणभर चिकटतो, मग सुटतो, परत चिकटतो, परत सुटतो, आणि हे इतक्या भराभर होतं की खडू थरथरायला लागतो आणि ती थरथर आपल्याला आवाज म्हणून ऐकू येते. आणि त्यावरचा उपाय पण सगळ्यांना माहीत होता, खडू मोडून अर्धा करायचा किंवा जरा वेगळ्या कोनात धरायचा, की गप्प. फळा तोच, हाताचा जोर तोच, पण खडूची लांबी बदलली म्हणून त्याची थरथरायची पद्धत बदलली.

ब्रेकमध्ये अगदी हेच घडतं. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी डिस्क असते, तिला दोन्ही बाजूंनी दोन पॅड चिमटीत पकडतात, आणि ती चिमटी म्हणजे कॅलिपर. पॅड डिस्कवर घासताना चिकटत-सुटत राहतो, त्याने डिस्क, पॅड, कॅलिपर सगळंच थरथरतं, आणि डिस्क ही शेवटी ओतीव लोखंडाची मोठी थाळी असल्यामुळे ती घंटेसारखी वाजते. ही थरथर सेकंदाला साधारण १,००० ते १६,००० वेळा होते म्हणून आवाज इतका बारीक आणि टोचणारा असतो. आणि गंमत म्हणजे गाडीचा वेग कमी होत गेला तरी हा सूर फारसा खाली उतरत नाही, कारण तो चाकाच्या वेगावर नाही, त्या लोखंडाच्या आकारावर आणि वजनावर ठरतो. घंटा हळू मारली काय नि जोरात मारली काय, सूर तोच. हे लक्षात ठेवा, पुढे निदान करताना कामाला येणारे.

म्हणूनच जोरात ब्रेक मारताना सहसा आवाज येत नाही, आणि गाडी अगदी हळू असताना, पेडलवर पाय नुसता ठेवलाय अशा वेळी येतो. हळू सरकताना आणि दाब कमी असताना चिकटण्या-सुटण्याचा खेळ जास्त चालतो, जोरात दाबलं की पॅड घट्ट बसतो आणि थरथर दबून जाते.

आता कधी येतो ते बघू.

सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला खरखर किंवा चीं येते आणि मग दिवसभर काही नाही, विशेषतः पावसात किंवा गाडी धुतल्यावर. हा गंज. डिस्कच्या लोखंडावर एका रात्रीत गंजाचा पातळ थर येतो आणि पॅड तो घासून काढतो, बास एवढंच. यावर काही करायची गरज नाही, कोणी करायला सांगितलं तरी करू नका. गाडी खूप आठवडे एका जागी उभी असेल तर मात्र गंज खोल जातो आणि डिस्कवर खड्डे पडतात, ते असे घासून जात नाहीत. इलेक्ट्रिक आणि हायब्रीड गाड्यांना हे जास्त होतं, कारण तिथे गाडी हळू करायचं बरंचसं काम मोटरच करते आणि डिस्क-पॅड नुसते बसून गंजतात, त्यामुळे अशा गाडीत रस्ता मोकळा आणि मागे कोणी नसेल तेव्हा अधूनमधून दोन-चार ब्रेक जरा दाबून मारणं चांगलं.

दुसरा प्रकार जास्त महत्त्वाचा. पेडलवर पाय नसताना चीं चीं चीं आणि ब्रेक दाबला की गप्प. बऱ्याच पॅडना कडेला लोखंडाची एक छोटी पट्टी असते, पॅड घासून साधारण २-३ मिलिमीटर उरला की ती पट्टी डिस्कला टेकते आणि मुद्दाम किंचाळते. तो बिघाड नाही, तो बनवणाऱ्याने तुमच्यासाठी ठेवलेला निरोप आहे की पॅड संपत आले. ब्रेक दाबल्यावर पट्टी दाबली जाते म्हणून बऱ्याचदा आवाज थांबतो, काही गाड्यांत उलटं होतं, दाबल्यावरच येतो, पण सतत आणि रोज येणारा बारीक आवाज असेल तर पहिली शंका हीच घ्यायची. काही गाड्यांना पट्टीच्या जागी वायरवाला सेन्सर असतो, मग आवाजाऐवजी डॅशबोर्डवर दिवा लागतो. नवा पॅड साधारण १०-१२ मिलिमीटर जाडीचा असतो आणि ३ च्या आसपास आला की बदलायचा, ० होईपर्यंत थांबायचं नाही.

कारण त्याच्या पुढची पायरी म्हणजे खर्रर्र. हा चीं नाही, हा जाड, दळणारा आवाज असतो, पेडलमधून पायालाही जाणवतो. पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, संपला आणि मागची लोखंडी पाटी थेट डिस्कवर घासतेय. हे ऐकू आलं की "अजून दोन दिवस चालवू" असा विचार करू नका, कारण थांबायचं अंतर वाढलेलं असतं आणि डिस्क पण दर ब्रेकला कापली जात असते, म्हणजे जे काम पॅडवर भागलं असतं ते पॅड अधिक डिस्क होतं.

मग असा आवाज की जो चाकाच्या फेऱ्याबरोबर येतो, शीं... शीं... शीं..., गाडी हळू झाली की तोही हळू होतो. इथे वर सांगितलेली घंटेची गोष्ट आठवा. खरी ब्रेकची किंचाळी सलग असते, ही तालात येते, म्हणजे काहीतरी एका फेऱ्यात एकदा टेकतंय. खडीच्या रस्त्यावरून आल्यावर अचानक सुरू झालं असेल तर डिस्क आणि तिच्या मागच्या पातळ पत्र्याच्या मधे बारीक खडा अडकलाय असं समजा. गाडी दोन-तीन वेळा थोडी मागे घेतली तर पुष्कळदा खडा पडून जातो. नाही पडला तर चाक काढून पत्रा बोटाने जरा बाहेर ओढला की निघतो. पत्रा वाकून घासत असेल तरी असाच आवाज, आणि उपाय तोच, पत्रा सरळ करायचा. इतक्या साध्या गोष्टीसाठी लोक आख्खे पॅड बदलून येतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि चौथा, ज्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. एकाच चाकातून आवाज, ते चाक बाकीच्यांपेक्षा गरम, कधीकधी जळका वास, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. इथे कॅलिपर अडकलेला असतो. बऱ्याच गाड्यांत कॅलिपर दोन गुळगुळीत पिनांवर पुढे-मागे सरकतो, एका बाजूने पिस्टन आतला पॅड ढकलतो आणि त्या जोराने कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिनांचं रबर फाटलं, आत पाणी गेलं, ग्रीस सुकलं की पिन जाम होते, मग आतलाच पॅड सगळं काम करतो आणि भराभर संपतो. पिस्टनचं पण तसंच, ब्रेक सोडल्यावर त्याला मागे घ्यायला आत कुठलीही स्प्रिंग नसते, एक रबरी सील दाबताना थोडी पिळवटते आणि सोडल्यावर परत सरळ होते, तेवढ्याने पिस्टन केसभर मागे येतो. केसभरच! त्यामुळे पिस्टनला जरा गंज धरला की पॅड डिस्कला टेकलेलाच राहतो.

माझ्या गाडीचं हेच झालं होतं. डाव्या पुढच्या चाकाचा आवाज, एका गॅरेजमध्ये पॅड बदलून दिले, महिनाभर गप्प, परत सुरू, परत पॅड बदलले, आणि दोन्ही वेळा "पॅड हलके निघाले" असं कारण मिळालं. तिसऱ्या वेळी मी स्वतः चाक काढून बसलो, खालची पिन हाताने ओढून बघितली, हलेचना. पॅडची काहीच चूक नव्हती. पिन बाहेर काढून साफ केली, नवीन रबर, नवीन ग्रीस, आणि आवाज गेला तो गेलाच. त्या दोन जोड्या पॅडपेक्षा मला जास्त लागलं ते हे की दोन महिने गाडी एका बाजूने अर्धवट ब्रेकवर चालत होती आणि घरची माणसं तिच्यात बसत होती.

यातलं काहीच जुळत नसेल, म्हणजे पॅड जाड आहेत, पिना मोकळ्या आहेत, आणि तरी हळू ब्रेकला चीं येते, तर मग ती निव्वळ खडूवाली थरथर. याची कारणं बारीकसारीक असतात. पॅडच्या पाठीला शिम म्हणून एक पातळ पत्रा असतो, रबराचा थर असलेला, तो थरथर शोषतो, आणि पॅड बदलताना तो पुष्कळदा जुन्या पॅडबरोबर फेकून दिला जातो. पॅड ज्या खाचेत बसतो तिथल्या क्लिपा सैल होतात. पॅड जास्त तापला की त्याचा चेहरा काचेसारखा चकचकीत आणि कडक होतो, त्याला ग्लेझ झाला म्हणतात, मग तो नीट पकडत पण नाही आणि ओरडतो. आणि पॅडचा मसाला कसला आहे यावर पण आहे, ज्यात धातूचा चुरा जास्त असतो ते तापल्यावर चांगले टिकतात पण आवाज जास्त करतात, सिरॅमिकवाले शांत असतात आणि धूळ पण कमी. काही पॅडच्या कडा तिरप्या कापलेल्या असतात, मधे एक चीर असते, ती सजावट नाही, तो खडू मोडून अर्धा करण्याचाच प्रकार आहे.

मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतील, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून शू दाबले जाणारे, तर तिथला आवाज सहसा जाड असतो, कुरकुर किंवा हंबरल्यासारखा. ड्रम बंद डबा असतो त्यामुळे लायनरची, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थराची, धूळ आतच साठते, आणि ब्रेक शू मागच्या पाटीवर ज्या जागी टेकून सरकतात तिथलं ग्रीस सुकलेलं असतं. उघडून साफ केलं, त्या जागांवर थोडंसं ब्रेकचं ग्रीस लावलं की बहुतेक वेळा भागतं.

कुठल्या चाकातून येतोय हे शोधायला एक सोपी युक्ती, काचा खाली करून एखाद्या लांब भिंतीच्या कडेने हळू चालवत जा आणि हलके ब्रेक मारा, भिंतीवरून आवाज परत येतो आणि कुठल्या बाजूचा ते लगेच कळतं. पुढचा की मागचा हे बघायला मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने जाताना हँडब्रेक अगदी हलका ओढून बघा, हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवरच असतो (बटणवाला असेल तर हे करू नका). आणि गरम चाक शोधायचं असेल तर गाडी फिरवून आणल्यावर रिमच्या जवळ हात न्या, लावू नका, डिस्क सहज भाजेल इतकी तापलेली असते.

अलॉय रिमच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारून पॅड दिसतो, पण तो दिसतो बाहेरचा. आतला दिसत नाही आणि बऱ्याचदा तोच आधी संपतो. म्हणून नुसतं बाहेरून बघून "पॅड आहेत अजून" असं कोणी म्हटलं तर ते अर्धंच बघितलंय असं समजा.

आता दुरुस्ती. आधीच सांगतो, आधी कधी चाकही काढलं नसेल तर ब्रेकपासून सुरुवात करू नका, पण काय काय करायचं असतं ते माहीत असू द्या म्हणजे समोर काम होताना बघता येतं. सपाट जागा, चाकांना दगड किंवा लाकडाची ओट, नट गाडी खाली असतानाच सैल करायचे, मग जॅक, आणि जॅकवर कधीही भरवसा नाही, स्टँड लावायचाच. एका वेळी एकच बाजू उघडायची, म्हणजे काही विसरलं तर दुसऱ्या बाजूला बघता येतं. कॅलिपर काढला की तो वायरने वर बांधून ठेवायचा, ब्रेकच्या नळीवर लटकवायचा नाही. आणि तिथली काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या प्रेशरने अजिबात उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात गेलं की कायमचं, नवीन पॅडची धूळ पण छातीत घ्यायची गोष्ट नाही. ब्रेक क्लीनर मारून ओली करून पुसायची, मास्क लावून.

मग पिना काढून पुसायच्या, त्यावर ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, साधं ग्रीस नको, कारण साध्या ग्रीसमधल्या तेलाने रबर फुगतं आणि पिन परत जाम होते. पॅडचे कान जिथे बसतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढायचा, शिम जागेवर, पॅडच्या पाठीला आणि कानांना ब्रेक ग्रीसचा अगदी पातळ हात. पाठीला म्हटलं, चेहऱ्याला नाही. पॅड थोडाच ग्लेझ झाला असेल आणि जाडी भरपूर असेल तर सपाट जागी पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासला की वरचा चकचकीत थर जातो, पण तडे गेले असतील किंवा कडा जळून भुरभुरत असतील तर बदलाच. डिस्कवर कमीत कमी जाडी किती चालेल तो आकडा कोरलेला असतो, मोजून त्याच्या खाली असेल तर लेथवर फेस मारण्यात, म्हणजे डिस्क तासून सपाट करण्यात, अर्थ नाही, नवीच घ्यायची.

नवे पॅड जाड असतात म्हणून पिस्टन मागे दाबावा लागतो, तसं केलं की वरच्या डबीत ब्रेक ऑइल चढतं, त्याच्याकडे लक्ष ठेवा, बाहेर सांडलं तर रंग खातं. मागच्या डिस्कवाल्या काही गाड्यांत पिस्टन दाबायचा नसतो, फिरवत आत न्यायचा असतो, आणि हँडब्रेकचं बटण असलेल्या गाड्यांत आधी सर्व्हिस मोड लावावा लागतो, जोर लावला तर आतली यंत्रणा मोडते. पॅड नेहमी एका ॲक्सलचे, म्हणजे पुढचे किंवा मागचे, दोन्ही बाजूंचे बदलायचे. सगळं बसवून झालं की गाडी सुरू करून हलवायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहायचं, कारण पिस्टन मागे गेलेला असतो आणि पहिल्या एक-दोन दाबांना ब्रेक लागतच नाही. हे विसरून लोकांनी गाडी समोरच्या भिंतीत घातलीये.

आणि कृपा करून पॅडवर किंवा डिस्कवर तेल, गंज सोडवायचा स्प्रे, ग्रीस असलं काही मारू नका. आवाज जातो, खरंच जातो, कारण घर्षणच गेलेलं असतं. पॅडचा मसाला सच्छिद्र असतो, तेल पितो, आणि मग ते चाक धरत नाही, गाडी दुसऱ्या बाजूला फेकली जाते. असं झालेला पॅड धुऊन परत वापरता येत नाही.

नवे पॅड लावल्यावर पण काही दिवस आवाज येऊ शकतो, कारण पॅडचा पातळ थर डिस्कवर नीट पसरलेला नसतो. त्यासाठी मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वेगावरून मध्यम दाबाने १० पर्यंत आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, परत वेग घ्यायचा, असं आठ-दहा वेळा, मधे थोडं चालवून गार होऊ द्यायचं. पॅडवाल्याने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच करायची. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलं की पॅडचा ठसा एकाच जागी चिकटतो आणि मग पेडल धडधडायला लागतं, ज्याला सगळे "डिस्क वाकली" म्हणतात.

काम गॅरेजमध्ये करून घेणार असाल तर एक गोष्ट नक्की मागा, काढलेले चारही पॅड, कुठला कुठला होता त्या क्रमाने जमिनीवर मांडून. चारही सारखे घासलेले असतील तर छान, ते नुसते वय झालं म्हणून संपले. आतला खूप पातळ आणि बाहेरचा जाड असेल तर पिन किंवा पिस्टन. एकाच पॅडचं एक टोक जाड आणि एक पातळ, पाचरीसारखं, तर कॅलिपर तिरका बसतोय, एक पिन अडकलीये. एका बाजूची जोडी संपलीये आणि दुसऱ्या बाजूची तशीच आहे तर संपलेल्या बाजूचा कॅलिपर सोडत नाहीये, किंवा न संपलेल्या बाजूचा नीट धरतच नाहीये. आणि असा वाकडातिकडा घासलेला पॅड समोर दिसत असताना कोणी पिनांना हात न लावता नवे पॅड बसवायला घेतले तर त्यांना तिथेच थांबवा आणि आधी पिना ओढून दाखवायला सांगा, कारण नवा पॅडही पहिल्याच दिवसापासून तसाच वाकडा घासायला लागणार.